खानोलकर, चिंतामण त्र्यंबक (आरती प्रभू)

(८ मार्च १९३० – २६ एप्रिल १९७६). मराठी कवी, कादंबरीकार व नाटककार. जन्म वेंगुर्ल्याजवळील बागलांची राई येथे. हा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. कुडाळला घरची खाणावळ होती. तिच्या धबडग्यातच त्यांचे कवितालेखन सुरू झाले आणि १९५४ पासून ‘सत्यकथा’ मासिकातून ‘आरती प्रभू’ हे टोपणनाव वाचकांपुढे आले. १९५९ मध्ये ते मुंबईला आले व काही काळ आकाशवाणीत होते. मुक्काम मुंबईत हलला, तरी लेखनातला मुलूख दक्षिण कोकणचाच राहिला.

‘जोगवा’ (१९५९), ‘दिवेलागण’ (१९६२) व ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) हे त्यांचे कवितासंग्रह. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे यांतल्या काही कविता घरोघरी पोचल्या. मात्र गाण्यांपुरता ओळखला जाणारा हा कवी संग्रहांत बराच अवघड आणि अस्वस्थ करणारा आहे.

गद्य त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२), ‘अजगर’ (१९६५), ‘कोंडुरा’ (१९६६), ‘त्रिशंकू’ (१९६८) या प्रमुख कादंबऱ्या. पैकी ‘कोंडुरा’ सर्वांत बांधीव म्हणावी लागेल. वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावरचे कोंडुरा हे स्थान कादंबरीत दैवी शक्तीचे ठिकाण होते. घर सोडून गेलेल्या परशुरामतात्यांना तिथे ब्रह्मचर्याच्या अटीवर वर मिळतो, गर्भपात घडवणारी मुळी हाती येते, आणि वर कोणता व शाप कोणता हे शेवटी त्यांनाच उमगेनासे होते. देवचार (राखणदार भूत), कौल (देवाकडे मागितलेला होकार-नकार), अवसर (अंगात येणे) हे या लेखनात सजावटीपुरते येत नाहीत. माणसाच्या वासनेला व अपराधाला त्यांतून तोंड फुटते. कवितेतली गूढ प्रतिमासृष्टीही याच मातीतली, म्हणून दोन नावांचे दोन लेखक मानण्यात फारसा अर्थ नाही.

‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) हे नाटक विजया मेहता यांनी ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे रंगभूमीवर आणले. ब्रेख्टच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे खानोलकरांनी केलेले रूपांतर ‘अजब न्याय वर्तुळाचा’ मेहता व पूर्व जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी बसवले. त्याचे पूर्व जर्मनीतही प्रयोग झाले.

वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ (१९७७) व श्याम बेनेगल यांचा ‘कोंडुरा’ (१९७८) हे चित्रपट त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघाले. ‘नक्षत्रांचे देणे’ला १९७८ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.