माणदेशी दाराचा भार

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशे. म्हसवड, दहिवडी, पलीकडे सांगलीतली आटपाडी, या सगळ्या पट्ट्यात सुताराच्या हाताशी असते ती बाभळ, लिंब आणि हिवर. सागवान लागलेच तर घाटाकडून आणायचे, आणि ते वाड्याच्या धन्यालाच परवडायचे. या मुलखातल्या जुन्या वाड्यांची मोठी दारे बिजागरीवर टांगलेली नसत. फळीच्या कडेचे जाड लाकूड वर आणि खाली खुंटीसारखे पुढे काढलेले असे. खालची खुंटी उंबऱ्यातल्या किंवा दगडातल्या खोबणीत बसे, वरची चौकटीमागच्या तुळईच्या भोकात. गरीब आणि कोरड्या मुलखाला लोखंड कुठून परवडणार, म्हणून ही जुनी रीत टिकली, असे सहज म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही. ही निवड होती, आणि ती भार ओळखून केलेली होती.

पुरावा त्याच दारावर आहे. खुंटीवर फिरणाऱ्या त्या दाराला लोखंडी खिळे असत, पट्ट्या असत, कडी-कोयंडा आणि साखळी असे. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार गावातच होता. बलुत्यात त्याच्याकडे मुख्यतः शेतीच्या अवजारांची दुरुस्ती असे आणि घराच्या नव्या कामाचा मोबदला वेगळा द्यावा लागे, हे खरे. पण ज्याने शेकडो खिळ्यांचे पैसे मोजले तो दोन बिजागऱ्यांपाशी अडला असेल, हे मानणे कठीण आहे. त्याहून बोलका पुरावा म्हणजे दिंडी, मोठ्या दाराच्या फळीतच बसवलेले माणसापुरते लहान दार. अनेक ठिकाणी या दिंडीला लोखंडी बिजागरी किंवा एकमेकींत अडकवलेल्या कड्या दिसतात. एकाच दारात मोठ्या फळीला खुंटी आणि लहानीला लोखंड! हा टंचाईचा हिशेब नाही, वजनाचा आहे.

तो हिशेब असा. बाजूने टांगलेले दार वरच्या सांध्याला आडवे ओढते आणि खालच्याला ढकलते. ही ओढ दाराचे वजन आणि रुंदी यांबरोबर वाढते, दोन सांध्यांमधले अंतर वाढले की कमी होते. दीडशे किलोची, पाच फूट रुंदीची फळी घ्या. सांधे सहा फुटांवर असतील तर वरच्या सांध्यावर साधारण ६२ किलोची ओढ येते. नऊ फुटांवर असतील तर ४२ किलोची. खुंट्या फळीच्या अगदी दोन टोकांना असतात, त्यामुळे अंतर मिळेल तेवढे मिळते. शिवाय सगळे उभे वजन खालच्या दगडात उतरते, चौकटीच्या खांबाला ते पेलावे लागत नाही. बिजागरीत मात्र वजन आणि ओढ दोन्ही खिळ्यांवर येतात, आणि माणच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की खिळे ढिले होतात. बाभूळ कठीण आणि चिवट खरी. पण तिचे बाहेरचे पांढरे लाकूड किडा लवकर पोखरतो, म्हणून अशा खांबावर कमीत कमी भार टाकणेच शहाणपणाचे होते.

दिंडी ही संरक्षणासाठीच होती, शत्रूला वाकून एकेकट्याने आत यावे लागावे म्हणून, असा आक्षेप येईल. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला सुळे आहेत आणि दिंडीही आहे. तिथे हे कारण बिनतोड आहे. माणही धामधुमीचाच मुलूख होता: १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपडे यांना म्हसवडच्या नागोजी मान्यांनी शंभू महादेवाच्या डोंगरात मारले. पण दरोड्याचे भय सरल्यावरही दिंडी उपयोगाचीच राहिली, कारण तिच्यामुळे मोठी फळी रोज हलवावी लागत नाही. गाडी आत घ्यायची तेव्हाच ती फिरते, एरवी येणेजाणे दिंडीतून होते, आणि खुंटी झिजत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुंटी झिजली वा कुजली तर फळीचा उभा कडेपट्टाच बदलावा लागतो, बिजागरी तासाभरात बदलता येते. हे मान्य करायला हवे. फक्त कुजण्याला ओल लागते, आणि माणमध्ये तीच दुर्मीळ. दगडी खोबण तर लाकूड गेल्यावरही राहते. मराठी किल्ल्यांच्या दरवाजांत अडसराच्या खाचांबरोबर या गोल खोबणी आजही दिसतात.

सध्या वाडे दुरुस्त होतात तेव्हा पहिला घाव याच खोबणीवर पडतो. ती सिमेंटने बुजवून जुन्या चौकटीला बाजारची पोलादी बिजागरी ठोकतात, आणि ज्या खांबाने हा भार कधी पेललाच नव्हता तो फाटू लागतो. नवे, हलके, तीन फुटी बाजूचे फाटक करायचे असेल तर बिजागरी खुशाल वापरा, मात्र दोन बिजागऱ्या शक्य तितक्या लांब ठेवा आणि खांब जाड घ्या. जुने दार असेल तर सुताराला खुंटीच नवी करायला सांगा, आणि खालचा दगड हलवू देऊ नका.