ग्वांगअल्लीच्या वाळूवर

सोल, 1999 चा हिवाळा. अरुंद जिना चढून तुम्ही दार ढकलता आणि सिगारेटचा धूर डोळ्यांना झोंबतो. ओळीने मांडलेले संगणक, एकही खुर्ची रिकामी नाही. ही पीसी बांग. इथे तासावर संगणक भाड्याने मिळतो. 1997 च्या अखेरीस देशाची परकीय गंगाजळी आटली, नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या कित्येकांनी हाती आलेल्या पैशातून अशा खोल्या थाटल्या. गल्ल्यावरचे गृहस्थ कदाचित परवापर्यंत टाय लावून कचेरीत जात असतील.

शेजारचा मुलगा स्टारक्राफ्ट खेळतोय. 1998 साली अमेरिकेतून आलेला हा खेळ: खनिजं गोळा करायची, सैन्य उभारायचं, शत्रूचा तळ उद्ध्वस्त करायचा. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन जमाती. प्रत्येकीची ताकद निराळी, पण पारडं कुणाचंच कायमचं जड नाही. त्याची बोटं कीबोर्डवर थांबत नाहीत. पण तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या चौघांकडे बघा. खुर्ची केव्हा रिकामी होईल याची त्यांना घाई नाही. चाल फसली की ते हळहळतात, साधली की ओरडतात. खेळाला प्रेक्षक मिळालाय.

आता पाच वर्षं पुढे चला. 17 जुलै 2004, बुसान. ग्वांगअल्लीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. समुद्रावर गेल्याच वर्षी खुला झालेला ग्वांगआन पूल, अलीकडे रंगमंच आणि प्रचंड पडदा. प्रोलीग या स्टारक्राफ्टच्या सांघिक स्पर्धेतल्या पहिल्या टप्प्याची अंतिम लढत आहे: हनबिट स्टार्स विरुद्ध एसके टेलिकॉम टी-वन. टी-वनमध्ये लिम यो-ह्वान आहे, 2001 मध्ये लागोपाठ दोन स्टारलीग जिंकलेला, टेरनचा सम्राट म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या नावाचे फलक उंचावणाऱ्या मुलींचे घसे केव्हाच बसलेत. शहरात आज बेसबॉलचा ऑल-स्टार सामनाही आहे, पण तिथली गर्दी इथल्या गर्दीच्या पासंगालाही पुरणार नाही. आयोजक सांगतात, एक लाख माणसं आलीत.

समालोचकांचा आवाज चढत जातो. एका खेळाडूच्या तळामागे शत्रूचं सैन्य उतरतंय हे त्याच्या आधी तुम्हाला दिसतं आणि तुमच्याही तोंडून किंकाळी निघते. अखेर हनबिट जिंकतो. हरलेल्यांसाठीही टाळ्या वाजतात.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: 2010 मध्ये याच खेळातले काही नामवंत पैसे घेऊन सामने हरल्याचं उघड होईल आणि देशभरचे चाहते हादरतील. पोरखेळ मानला असता, तर इतकं दुखलं नसतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कोरियाचा लीग ऑफ लेजेंड्सचा संघ सुवर्णपदक घेईल, आणि ते पदक लष्करी सेवेतून सूट मिळवून देण्याइतकं मोलाचं ठरेल.

ही प्रतिष्ठा कुठल्याही सरकारी फतव्याने आलेली नाही. खेळ समजून घेऊन जीव ओतून पाहणाऱ्या माणसांनी ती मिळवून दिली. आज किनाऱ्यावर तुम्हीही त्यांच्यातलेच एक आहात.