रस्त्याचा कर कीं ऐपतीचा कर?

डोंबिवलींतील आमच्या एका परिचित गृहस्थांनीं नुकतीच पेट्रोलची मोटार घेतली. किंमत ९ लाख रुपये, आणि कल्याणच्या आर. टी. ओ. कचेरीचा एकरकमी कर ९९ हजार. पावती पुढें ठेवून त्यांनीं आम्हांस विचारलें, "प्रोफेसरसाहेब, एवढ्या पैशांत मीं कोणता रस्ता विकत घेतला?" प्रश्न विनोदाचा होता, परंतु रस्त्याचा कर म्हणजे रस्ता वापरल्याचें मोल, ही त्यामागची समजूत फार जुनी आहे, आणि एके काळीं ती खरीही होती. ती कशी मागें पडली हें पाहावयाचें तर कल्याणपासूनच आरंभ करणें सोयीचें.

कल्याण हें सातवाहनांच्या काळचें बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव येतें. येथला माल मुरबाडकडून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्या रांजणांत टाकीत, असें परंपरा सांगते. परंपरेचा शब्दशः आग्रह आम्ही धरीत नाहीं. परंतु तिच्यांतील कल्पना स्वच्छ आहे: जो घाट चढतो त्यानें द्यावें, आणि ओझें पाहून द्यावें. व्यापाऱ्याच्या अंगावरील शेला रेशमी आहे कीं सुती, याच्याशीं नाक्यावरील कारकुनास कर्तव्य नव्हतें.

इंग्रजी अमदानींतही हाच मार्ग राहिला. मुंबई इलाख्याच्या १८७५ च्या कायद्यानें रस्ते व पूल यांवर टोल घेण्याची सोय केली. पण तोंपर्यंत आगगाडी आली होती. ती १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास व १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचली, आणि सरकारचें लक्ष रुळांकडे वळलें. रस्ते बव्हंशीं स्थानिक संस्थांच्या तुटपुंज्या तिजोरीवर पडले. पुढें मोटारी आल्या, व ही व्यवस्था पुरेनाशी झाली.

१९२७ सालीं या प्रश्नाचा विचार करण्यास एक समिति नेमली गेली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच हे. आमच्या मतें रस्त्यांच्या अर्थकारणांत या समितीइतका सरळ विचार क्वचितच झाला असेल. रस्त्यांची वाढ स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेली आहे, तेव्हां त्यासाठीं पेट्रोलवर जादा कर घ्यावा व त्याचा स्वतंत्र निधि ठेवावा, असें तिनें सुचविलें. १९२९ त पेट्रोलवरील कर गॅलनमागें ४ आण्यांचा ६ आणे झाला, आणि वाढीचे २ आणे रस्ते-निधीकडे गेले. जो अधिक फिरेल तो अधिक जाळील, आणि जो अधिक जाळील तो अधिक देईल. नाणेघाटच्या रांजणाचेंच हें नवें रूप!

मोटारींवरील प्रांतिक करही याच वळणाचा होता. १९५८ च्या मुंबई मोटारवाहन कर कायद्याच्या कोष्टकांत मोटारीचें रिकामें वजन हें एक मुख्य माप होतें. शास्त्रदृष्ट्या तें अगदींच चूक नव्हतें. अमेरिकेंत १९५८ ते ६० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून असें निघालें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि सुमारें सोळापट होते. रस्ता मोडतो तो ट्रकनें. वीस लाखांची मोटार दहा लाखांच्या मोटारीहून रस्त्यास फारसें अधिक दुखवीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही १९६२ त राजस्थानच्या खटल्यांत असे कर रस्त्यांच्या सोयींची भरपाई म्हणून योग्य ठरविले. २०१६ त नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें ही भरपाईची उपपत्ति टाकून दिली.

कोष्टकानें मात्र ती आधींच सोडली होती. खासगी मोटारीवर वजनाऐवजीं किंमतीच्या शेंकडेवारीनें एकरकमी कर आला. आज पेट्रोलच्या मोटारीस १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ व त्यापुढें १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के अधिक. परदेशांतून आणलेल्या किंवा कंपनीच्या नांवें घेतलेल्या मोटारीस २०. हे दर २०१७ च्या वाढीचे आहेत, आणि तिचें कारण मौजेचें आहे. त्या वर्षीं वस्तु व सेवा कर आल्यानें जकात व स्थानिक संस्था कर गेले. ती तूट भरण्यासाठीं मोटारींवर दोन टक्के चढले. जो पैसा पूर्वीं शहराच्या नाक्यावर मालावर घेतला जाई, त्याचा कांहीं भाग आज गृहस्थाच्या मोटारीवर बसला आहे. रस्त्याचा येथें संबंध तो किती?

ऐपत पाहून कर घ्यावा, यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. पण मग ऐपत शेवटपर्यंत पाहावी! २०१७ तच या करास २० लाखांची कमाल मर्यादा घातली गेली. धनिक लोक मोटारी परराज्यांत नोंदवितात, हें त्याचें कारण. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. म्हणजे पेट्रोलची मोटार सुमारें २ कोटी ३० लाखांच्या वर गेली कीं कर थांबतो. ५ कोटींच्या मोटारीस तो ६ टक्के पडतो, १० कोटींच्या मोटारीस अवघे ३. आमच्या डोंबिवलीकर स्नेह्यांस मात्र ११. पायऱ्या चढत्या बांधल्या, आणि माथ्यावर घसरगुंडी ठेवली!

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पांत ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला गेला. तो महिना संपण्याच्या आंत मागें घेण्यांत आला. हवा स्वच्छ राहावी हा त्यांतील हेतु समजण्याजोगा आहे. तथापि बॅटरीमुळें या मोटारी आपल्या बरोबरीच्या पेट्रोलच्या मोटारींहून जड असतात, आणि पेट्रोल तर त्या जाळीतच नाहींत. रांजणाजवळच्या कारकुनानें त्यांस अडविलें असतें, जयकरांच्या निधीसही त्यांची चिंता पडली असती.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हें सर्व सांगितलें. त्यांनीं पावतीची घडी घातली आणि विचारलें, "म्हणजे शिळफाट्याचा रस्ता यांत नाहींच?" आम्ही म्हणालों, "या पावतीवर तरी नाहीं."