उन्हाळ्याची कोशिंबीर: कुठून आली आणि कुठे चालली?



उन्हाळा लागला की ताटातली भाजी आटते. विहिरीनं तळ गाठलेला असतो, पालेभाजी महाग होते आणि दुपारच्या जेवणाला भाकरी, ठेचा नि कांदा एवढंच उरतं. अशा दिवसांत अंगाला गारवा देणारी गोष्ट म्हणजे कोशिंबीर. पानाच्या डाव्या बाजूला वाढतात म्हणून तिला आपण किरकोळ समजतो. पण या चमचाभर पदार्थात हजारो वर्षांची शेती साठवलेली आहे. आज तिचीच थोडी हकिकत सांगायची आहे.

काकडी मूळची आपलीच

कोशिंबिरीची मुख्य धनीण काकडी. तिचं मूळ घर आपला देश. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी, कडू जात अजूनही सापडते. कडूपणा कमी असलेली फळं निवडत, त्यांचंच बी पुन्हा पुन्हा लावत आपल्या पूर्वजांनी गोड काकडी घडवली. हे काम झालं त्याला ढोबळ मानानं तीन हजार वर्षं झाली.

नावंसुद्धा तेवढीच जुनी. संस्कृतातल्या कर्कटीची काकडी झाली. त्रपुसाचं कोकणात तवसं झालं. मराठवाड्यात वाळूक आहे, बांधावर आपोआप येणारं शेंदाड आहे. ऋग्वेदातल्या मृत्युंजय मंत्रात ‘उर्वारुक’ असा शब्द येतो. ते याच कुळातलं वेलीवरचं फळ. पिकलं की ते आपोआप देठापासून सुटतं, असा तिथे दृष्टान्त आहे. ज्यानं तो दिला त्यानं वेलीवर पूर्ण पिकलेलं फळ पाहिलेलं होतं, हे उघड आहे. आणि पूर्ण पिकलेलं फळ म्हणजे बियाण्याचं फळ. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

चैत्रातलं हळदीकुंकू

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. त्यात काय देतात? भिजवलेले हरभरे, कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ, पन्हं, काकडीच्या आणि कलिंगडाच्या फोडी. चूल फार न पेटवता होणारं, पाणी आणि आंबटपणा देणारं हे खाणं आहे. शेजारी कर्नाटकात रामनवमीला मुगाची भिजवलेली डाळ, काकडी आणि खोबरं घालून कोसंबरी करतात. आपली कोशिंबीर आणि त्यांची कोसंबरी, नावावरूनच नातं कळतं. आहारशास्त्राची पुस्तकं छापली जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या आयाबायांनी उन्हाळ्याचा आहार सणाला बांधून ठेवला होता.

नदीच्या वाळूतले मळे

मग भर उन्हाळ्यात हा माल यायचा कुठून? काही परसातून यायचा, बराचसा नदीतून. पावसाळा सरून पाणी ओसरलं की भोई, कहार वगैरे मंडळी नदीच्या वाळूत खड्डे घेत, त्यात शेणखत भरत आणि काकडी, खरबूज, कलिंगड लावत. वाळूखालचा ओलावा वेलाला पुरे. विदर्भात वैनगंगा, वर्धा या नद्यांच्या काठी याला डांगरवाडी म्हणतात. ज्याच्या नावावर जमीन नाही अशा घराचंही त्यावर चार महिने पोट भरे.

कलिंगड मात्र मूळचं आफ्रिकेतलं. इजिप्तमध्ये चार हजार वर्षांपूर्वी ते पिकत होतं. तिथून फिरत फिरत ते आपल्या नदीकाठी आलं आणि इथलंच होऊन गेलं.

समुद्रापलीकडचे पाहुणे

आता वाटीतल्या बाकीच्या जिनसा पाहू. कांदा मध्य आशियाच्या बाजूचा, पण फार जुना पाहुणा. गाजर अफगाणिस्तानच्या बाजूचं. त्याचे मूळचे रंग जांभळा आणि पिवळा. नारिंगी गाजर पुढे युरोपात, हॉलंडकडे रुजलं.

कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोचला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यानंतर अमेरिकेतली पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. मिरची त्यातलीच. त्याआधी तिखटासाठी आपल्याकडे मिरी, पिंपळी आणि आलं होतं. नव्या फळाला आपण मिऱ्याच्या ‘मरीच’ या जुन्या नावावरूनच मिरची म्हटलं. ज्याच्या कुटाशिवाय आज आपली कोशिंबीर होत नाही तो भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. भुईत शेंग धरणारा म्हणून भुईमूग.

टोमॅटोला तर आपल्या ताटात शिरायला फार दिवस लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज वॉट यांनी भारतातल्या पिकांचा मोठा कोश केला. त्यात टोमॅटो मुख्यतः साहेब लोकांसाठी लावतात, देशी लोकांना तो आता कुठे आवडू लागला आहे, अशा अर्थाची नोंद आहे. आपल्या जुन्या माणसांनी त्याला कुठे वेलवांगं म्हटलं, कुठे भेदरं. वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले, हे त्यांनी पानाफुलावरून बरोबर ओळखलं होतं.

म्हणजे पाहा मंडळी, काकडी, कैरी इथली, कांदा-गाजर मध्य आशियाकडचं, मिरची, शेंगदाणा, टोमॅटो अमेरिकेतले. तरी कोशिंबीर अस्सल मराठी! कारण प्रत्येक पाहुणा आधी कुणाच्या तरी परसात उतरला. घरच्या बाईनं मोरीच्या पाण्यावर दोन आळी केली, फळ चाखलं, बरं वाटलं तर बी राखेत घोळून ठेवलं, नाहीतर शेणात घालून भिंतीला थापलं. पुढच्या साली शेजारणीला चिमूटभर दिलं. बाहेरची वस्तू आपली झाली ती अशी.

ताटातून निघून गेली

आज चित्र उलटं आहे. पहाटे काकडीची, टोमॅटोची क्रेट टेंपोत भरली जातात आणि दुपारी त्याच घरात भाकरीबरोबर नुसता ठेचा असतो. चांगला माल बाजाराला, वाकडातिकडा जनावरांना, आणि घरच्या ताटात काहीच नाही. बियाणं दर वर्षी पाकिटातून येतं. संकरित वाणाचं बी धरून ठेवलं तर पुढच्या पिढीत वाण तसाच राहत नाही, म्हणून बी राखायची सवयच मोडली. नदीत वाळू उपसून खडक उघडे पडले, कुठे धरणाचं पाणी चढलं. डांगरवाड्या कमी झाल्या आणि त्यांच्याबरोबर तिथलं बीही गेलं.

आमचं संकरित वाणाशी भांडण नाही. बाजारासाठी तो जरूर लावा, त्यानं पैसा मिळतो. पण सगळं शेत बाजाराचं झालं तर घरातल्या पोराबाळांनी आणि बाळंतिणीनं काय खायचं? परसातला वाफा मोडतो तेव्हा पहिली तूट बाईच्या ताटात पडते, कारण सगळ्यांच्या मागून ती जेवते.

एवढं तरी करा

१) जानेवारी-फेब्रुवारीत न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर काकडीची दोन-तीन आळी घरासाठी राखा. देशी किंवा सुधारित सरळ वाण घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची हिमांगी, फुले शुभांगी ही नावं पुष्कळांना ठाऊक आहेत. या वेलांवर फवारा मारू नका.

२) निरोगी वेलावरचं एक चांगलं फळ तोडू नका. पिवळं-तांबूस होऊन देठ सुकेपर्यंत राहू द्या. गर-बी एक दिवस पाण्यात ठेवा, चोळून धुवा. तळाला बसलेलं बी सावलीत वाळवून राखेत ठेवा. जवळपास काकडीची दुसरी जात असेल तर वाणात भेसळ होते, हे विसरू नका. कडू फळाचं बी धरू नका आणि कडू काकडी खाऊही नका.

३) बाजाराच्या शेतातला माल खायचा असेल तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटू द्या. नुसत्या धुण्यानं सगळं औषध जात नाही.

४) पाच माणसांची कोशिंबीर: दोन काकड्या, दोन घट्ट टोमॅटो, एक कांदा, अर्धी कैरी. सगळं आधी स्वच्छ पाण्यानं धुवा आणि मग बारीक चिरा. अर्धी वाटी मुगाची डाळ दोन तास भिजवून, निथळून घाला. चार चमचे दाण्याचं कूट, कोथिंबीर आणि चवीला गुळाचा खडा. वरून तेल-मोहरी-हिंगाची फोडणी द्या. गाजर घातलं तर फोडणी जरूर द्या, कारण गाजरातलं सत्त्व तेलाबरोबर अंगी लागतं. मीठ अगदी वाढताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं. केलेली कोशिंबीर उन्हाळ्यात लगेच संपवा, रात्रीसाठी ठेवू नका.

कैरी किंवा लिंबू मात्र वगळू नका. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाकरी-डाळीतलं लोह शरीरात अधिक मुरतं. रक्त कमी असलेल्या आपल्या मायबहिणींना त्याची फार गरज आहे.

तर मंडळी, यंदा एक काकडी वेलीवर पिकू द्या. ती देठापासून सुटेल तेव्हा तिचं बी घरात ठेवा आणि चिमूटभर शेजारी द्या. आपल्या पूर्वजांनी हेच केलं, म्हणून आज आपल्या पानाला डावी बाजू आहे.