एक तार आणि एक संपादक

हैदराबाद शहराच्या नारायणगुडा भागात केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था आहे. मराठवाड्यातून हैदराबादेस आलेले कायदेपंडित न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ ती 1940 साली स्थापन झाली. तेथून काचीगुडा फार दूर नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान 21 व 22 ऑगस्ट 1948 च्या मधल्या रात्री काचीगुड्यातील आपल्या घरी परतत होते. वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठून गोळ्या घातल्या व त्यांच्या हातांवर घाव घातले. लेखणी धरणाऱ्या हातांना ती शिक्षा होती.

त्याच 21 ऑगस्टची तारीख आणखी एका कागदावर आहे. भारताकडून आपल्या राज्यास धोका आहे, अशी तक्रार करणारी निझाम सरकारची तार त्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे पाठविण्यात आली. तार जगापुढे गेली आणि तिच्यावर चर्चा झाली. संपादकाचा आवाज मात्र शहराच्या एका रस्त्यावरच बंद करण्यात आला. परराष्ट्रीय घडामोडींवर मत बनविताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

त्या वर्षी लंडनमध्ये हुजूर पक्षाचे पुढारी विन्स्टन चर्चिल हैदराबादच्या बाजूने बोलत होते. जुलै 1948 मध्ये हा प्रश्न त्यांनी पार्लमेंटात मांडला. निझाम हा ब्रिटनचा जुना मित्र, त्याला दिलेले शब्द पाळले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दिलेला शब्द आणि केलेला करार यांची बूज राखणे हा सनातनी राजकारणाचा पहिला धर्म आहे. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौमत्व संपले, हेही कायद्याच्या भाषेत खरे होते.

परंतु याच कराराचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे चित्र बदलते. वऱ्हाड प्रांत 1853 साली कंपनी सरकारकडे गेला आणि 1902 साली त्याचा कायमचा पट्टा झाला. पुढे निझामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च 1926 मध्ये त्यांना स्पष्ट उत्तर पाठविले. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचेच सरकार होते आणि चर्चिल त्यात अर्थमंत्री होते. 1926 साली जो राजा बरोबरीचा नव्हता, तो 1948 साली स्वतंत्र राष्ट्राचा अधिपती कसा ठरला, याचे समाधानकारक उत्तर या पक्षापाशी नव्हते.

शिवाय संस्थानात प्रजाही होती. राजकीय सभा भरविण्यावर तेथे इतके निर्बंध होते की हैदराबादची राजकीय परिषद 1923 साली काकीनाड्यास, 1926 साली मुंबईस, 1928 साली पुण्यास आणि 1931 साली अकोल्यास भरवावी लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 साली, तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. ती 1946 पर्यंत टिकली. अय्यंगार समिती 1937 साली नेमली गेली, तिच्या आधारे 1939 साली सुधारणा जाहीर झाल्या आणि युद्धाचे कारण सांगून त्या 1946 पर्यंत लांबल्या. तोवर त्यांचे मोल उरले नव्हते.

वास्तविक सनदशीर सुधारणेचा मार्ग संस्थानात कोणी दाखविला नव्हता असे नाही. केशवराव कोरटकर हे त्या मार्गाचेच पुरस्कर्ते होते. वकिली, पुढे न्यायासन आणि जोडीला शाळा व ग्रंथालये यांचे कार्य त्यांनी केले. हैदराबादेत 1907 साली विवेकवर्धिनी पाठशाळा काढणाऱ्यांत ते होते. 1932 साली ते वारले. अशा माणसांना वेळीच राज्यकारभारात वाटा मिळाला असता, तर गादीचा मान आणि प्रजेचा हक्क यांचा मेळ कदाचित बसला असता. ज्यांना जुने घर राखायचे असते, त्यांनी पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात.

नोव्हेंबर 1947 मध्ये भारत व निझाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. पण ते वर्ष कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गाजविले. गावोगाव लूट व जाळपोळ झाली. त्या काळात शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने निर्भयपणे लिहीत होते. रझाकार संघटना मोडावी असे सांगणाऱ्या काही प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांचे निवेदन त्यांनी छापले होते. हा लढा दोन धर्मांचा नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 16 तारखेला सुरक्षा समितीने पॅरिस येथे हा विषय विचारार्थ घेतला आणि 17 तारखेला निझामाने शरणागती पत्करली. 22 सप्टेंबरला त्यांनी आपली तक्रारही मागे घेतली.

इतिहास मात्र येथे थांबत नाही. पोलिस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारच्या वतीने गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे. नाहीतर शोएबुल्ला खानांचे नाव घेण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

दूरच्या देशाची बातमी येते तेव्हा तेथील सरकारची तार प्रथम हाती पडते. ती अवश्य वाचावी, करारही वाचावेत. पण त्या देशात कोणाची सभा बंद आहे, कोणता संपादक गप्प झाला आहे आणि विजयानंतर कोणाची घरे ओस पडली आहेत, एवढे विचारल्यावाचून कोणाच्याही बाजूने निकाल देऊ नये.