नाणेघाट आणि आसनगांवचें स्टेशन

स्टेशन कोठें व्हावें हें एकदां ठरलें, कीं पुढील कित्येक पिढ्यांचा दिनक्रमही ठरून जातो, असें आम्हांस वाटतें. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे शेजारचे तालुके याची साक्ष देतील. सातवाहनांच्या काळीं जुन्नरचा व्यापारी माल मुरबाडच्या अंगास असलेल्या नाणेघाटानें उतरून कल्याण बंदरास जात असे. लोहमार्गानें मात्र थळघाट पसंत केला. रूळ १८५५ सालीं वाशिंदास, १८६० सालीं आसनगांवास व १८६१ सालीं कसाऱ्यास पोहोंचले. ओढ होती ती वऱ्हाड-खानदेशच्या कापसाची; शहापूरच्या कुणब्याचा विचार त्यांत कोणीं केला असेल असें दिसत नाहीं. तरी आज त्याच्याच घरचा मुलगा आसनगांवास पहांटेची लोकल गांठून मुंबईस नोकरीस जातो. दिवसाचे चार तास गाडींत जातात खरे, पण रात्रीचें जेवण आपल्या घरीं होतें. मुरबाडच्या मुलास आधीं मोटारीनें कल्याण गांठावें लागतें. तें न झेपल्यास शहरांत खोली घेणें आलेंच. मुरबाडकर इतकीं वर्षें रेल्वे मागत आहेत, तिचा अर्थ एवढाच, कीं पोट भरण्यासाठीं घर सोडावें लागूं नये.