वेस्संतर जातक : एका कथेचा आशियातील प्रवास

बौद्ध धर्माचा आशियातील प्रसार सांगताना बहुधा सम्राट, धर्मपरिषदा आणि ग्रंथ यांचा उल्लेख होतो. परंतु खेडोपाडीच्या अक्षरशत्रू माणसांपर्यंत हा धर्म पोहोचविला तो मुख्यतः कथेने. पाली जातकसंग्रहातील ५४७ कथांमध्ये अखेरची कथा वेस्संतराची. गौतम बुद्धाच्या जन्मापूर्वीचा बोधिसत्त्वाचा हा शेवटचा मानवी जन्म मानला जातो.

शिबी देशाचा राजपुत्र वेस्संतर याने पाऊस आणणारा शुभ्र हत्ती कलिंगवासीयांना दान केला. संतप्त प्रजेने त्याला वनवासात धाडले. पत्नी मद्दी आणि जाली व कण्हाजिना ही मुले त्याच्याबरोबर निघाली. वनात जूजक नावाचा ब्राह्मण आला आणि त्याने मुलेच मागितली. भयभीत मुले कमळांच्या तळ्यात दडली. पित्याने त्यांना हाक मारून बाहेर काढले आणि दान दिले. मद्दी तेव्हा फळे आणण्यास गेली होती. पुढे आजोबांनी द्रव्य देऊन नातवंडे सोडविली व सर्वांचे पुनर्मीलन झाले.

ही कथा ऐकून मन अस्वस्थ होते, आणि ते प्राचीनांचेही झाले. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो : पुण्य हवे होते तर या माणसाने स्वतःलाच का दिले नाही? मुलांना दुःख देऊन कसले दान? नागसेन उत्तर देतो की, आजारी माणसाला गाडीतून नेताना बैलांना कष्ट होतात, तरी ते कृत्य पुण्याचेच. या उत्तराने सर्वांचे समाधान होईलच असे नाही. किंबहुना हा न सुटणारा प्रश्न पोटात असल्यामुळेच ही कथा शिळी झाली नाही. बोधाबरोबरच आईचा आक्रोशही तिने जपला.

सांचीच्या उत्तर तोरणावर ही कथा कोरलेली आहे. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, ती रंगांत उतरली. पाचव्या शतकाच्या आरंभी सिंहलद्वीपात गेलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाने दंतधातूच्या उत्सवात रस्त्याच्या दुतर्फा बोधिसत्त्वाच्या जन्मांची रूपे मांडलेली पाहिली. त्यांत हा दानशूर राजपुत्रही होता. चीनमध्ये तो ‘सुदान’ या नावाने ओळखला गेला व तुनहुआंगच्या भित्तिचित्रांत विराजमान झाला.

थायलंड आणि लाओसमध्ये मात्र ही कथा आजही ऐकली जाते. १३ प्रकरणांचे आणि सुमारे १००० गाथांचे हे ‘महाजाति’ पठण भिक्षू स्वर लावून करतात. एका दिवसात ते संपूर्ण ऐकणाऱ्यास भावी बुद्ध मैत्रेयाचे दर्शन घडते, अशी श्रद्धा आहे. ईशान्य थायलंडात तर कथेची चित्रे काढलेला लांबच लांब कापडी पट मिरवत गावात आणतात. जणू वनवासी राजपुत्राला गावकरी स्वतःच राजधानीत परत आणीत असतात. आपल्याकडील कीर्तन किंवा चित्रकथी पाहिलेल्यास यातील मर्म सहज उमगेल.

मराठी वाचकाचा या परंपरेशी पुनर्परिचय घडला तोही मुद्रित शब्दामुळे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना तरुणपणी ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रपर लेखाने झपाटले. त्या ओढीने ते सिंहलद्वीपापर्यंत गेले, पाली शिकले. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले आणि मराठीत बौद्ध विषयांवरील ग्रंथ निर्माण झाले. कालांतराने दुर्गा भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’च्या खंडांतून जातककथा मराठीत आणल्या.

शिळा, भिंत, पट, कंठ आणि छापील पान अशी ही वाटचाल आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कथा सांगितली व कोणीतरी लक्ष देऊन ऐकली, म्हणूनच ती उरली. ग्रंथालयाच्या कपाटातील जातकाचा खंडही अशाच एखाद्या श्रोत्याची वाट पाहत असतो.